मेणकीची वेणी

त्या राज्यात तेल आणि पाणी एकमेकांशी बोलत नसत. राहायचे एकाच भांड्यात, पण तेल वरच्या मजल्यावर, पाणी खालच्या, आणि दोघांची तोंडं फिरवलेली. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं, म्हणून तर ते इतकं टिकलं होतं.

तेल खोबऱ्याचं होतं, आणि त्याला मुली फार. पांढऱ्या, मेणचट, अंगानं थंड; खोबरेल तेलापासून होणारं मेणासारखं अल्कोहोल, ते म्हणजे याच. डोकं तेवढं जन्मापासून पाण्याकडे ओढ घेणारं, आणि पाठीवर लांबलचक वेणी, ती पक्की तेलाची. अशा मुलींची सोयरीक दुसरीकडे कुठं जमणार? एकजात सगळ्या पाण्याच्या घरी दिल्या गेल्या. त्यांतलीच एक मेणकी.

सासरी बुडबुडा आजीनं तिला लगेच छेडलं. आजीला जन्माला येऊन सव्वा घटका झाली होती, म्हणजे घरातली सगळ्यांत वडीलधारी तीच. "तू म्हणे अल्कोहोलच्या घराण्यातली. मग कुणाला चढत कशी नाहीस गं?"

"चढणारे ते आमचे चुलते, आजी," मेणकी म्हणाली. "आम्ही धरून ठेवणाऱ्या."

आणि धरलंही. तेलाचा एकेक थेंब खाली ओढून बहिणी त्याच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या. तोंड पाण्यात, वेणी थेंबात. बघता बघता अख्खं भांडं मलईसारखं मऊ झालं. लोकांनी ती मलई भेगाळलेल्या टाचांना फासली, केसांना चोळली, गालांवर थापली. राज्य गुळगुळीत झालं. आत कोण उभं आहे, हे विचारायला गुळगुळीत माणसाला सवड नसते.

मेणकीला मात्र बसायचं होतं. माहेरी, तेलात, एकदाच, डोक्यापासून वेणीच्या टोकापर्यंत. पण रिवाज असा, की बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. कडं तुटलं की थेंब निसटतो.

मग एका साली नारळांना कीड लागली. खोबरं महागलं, तेल महागलं, मुलीही महागल्या. बाजारातला तराजूशेठ, ज्याला बाजू दोन होत्या आणि मत एकही नव्हतं, म्हणाला, "या माहेरवाल्या आता परवडत नाहीत. पाताळातल्या आणा."

जमिनीखालच्या वायूतून, भट्टीत घडवलेल्या त्या मुली हुबेहूब तशाच. मेणकीच्या जागी आली तिचं नाव पाताळी.

निघता निघता मेणकीनं विचारलं, "तुझं माहेर कुठलं गं?"

"भट्टी. तीही विझवली म्हणतात."

"मग बरं आहे बाई तुझं. ओढ नाही, कटकट नाही."

पाताळी कड्यात जाऊन उभी राहिली. तिची वेणी केव्हाच थेंबाकडे वळली होती.

मेणकी माहेरी पोहोचली. तेलानं तिला पोटाशी घेतलं. पहिले काही दिवस ती आणि परतलेल्या बहिणी नुसत्या लोळल्या, हसल्या, एकमेकींच्या वेण्या ओढल्या. मग मान अवघडू लागली.

"नीट बस की गं, पोरी," तेल म्हणालं. "आता आणखी कुठं बघतेस?"

"कुठं काय? कुठंच नाही."

एका सकाळी उघड्या झाकणातून दवाचा एक थेंब तेलात पडला. कुणी कुणाला हाक मारली नाही. सगळ्या बहिणी धावल्या आणि त्याच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या. तोंड दवात, वेणी माहेरात.