चांदणीच्या घशातला लाळ्या

एका राज्यात म्हशी माणसांहून तिप्पट होत्या, आणि अक्कल दोघांनी सारखी वाटून घेतली होती. तिथे भद्रसेन राजा नांदत असे. राजगोठ्याची कारभारीण हौसाक्का, आणि हौसाक्काची लाडकी म्हैस चांदणी. कपाळावर पांढरा टिळा, चाल पट्टराणीची.

एकदा काळजिभ्या मांत्रिक गोठ्यावर आला. त्याने वाटीभर ताक मागितले. गड्यांनी हाकलून दिले. त्याने शाप दिला आणि नखाएवढे पिशाच्च सोडले. त्याचे नाव लाळ्या. तो जनावरात शिरला की तोंडात फोड, खुरांत जखमा, आणि लाळ अशी वाहायची की गोठ्यातून होडी हाकावी. त्या साथीत सर्वांआधी बरी होऊन उठली ती चांदणी. तिला पाहून बाकीच्यांनी धीर धरला.

त्या राज्याची रीत अशी: आधी उठलेल्या जनावराने मिठाचा धोंडा चाटायचा, मग तोच धोंडा उतराईचा प्रसाद म्हणून वाजतगाजत गोठोगोठी फिरवून सगळ्या जनावरांना चाटवायचा. डोक्यावर धोंडा हौसाक्काच्या, पुढे ताशे. तीनदा साथ गेली, तीनदा धोंडा फिरला, तीनदा साथ परतली.

तेव्हा चांदणीच्या पाठीवरचा बगळा बोलला, "हौसाक्का, साथ बाहेरून येत नाही. तूच ती डोक्यावर मिरवतेस."

"तुझ्या जिभेला हाड नाही काय रे? ती धडधाकट आहे. कासंडी भरून दूध देते."

"म्हणूनच कुणाला संशय नाही. आजाऱ्याला सगळे ओळखतात. लाळ्याने आधी उठलेलीच्या घशात बिऱ्हाड थाटलेय. तिला त्याचा काच नाही. ती धोंडा चाटते, तो धोंड्यावर उतरतो."

बगळ्याने आपले पीस दिले. हौसाक्काने ते चांदणीच्या घशात खोल फिरवले. बाहेर आले ते काजळासारखे काळे.

 हौसाक्काने स्वतःच राजापुढे जाऊन सारे सांगितले.

राजा म्हणाला, "म्हैस दरीत लोटा."

"लोटा, महाराज. पण आधी उठण्याचे बक्षीस दरी असेल, तर पुढच्या साथीत आधी उठलेलीची खबर कोण देईल? लोक झाकून ठेवतील."

राजाने दाढी कुरवाळली. "तीन पौर्णिमा दिल्या. तोवर लाळ्या निघाला नाही, तर दरी."

बगळ्याने तीन कामे सांगितली. धोंडा चुन्याच्या भट्टीत टाकायचा. चांदणीला घेऊन नदीतल्या बेटावर राहायचे, जिथे दुसरा खूर उमटत नाही. आणि दर पौर्णिमेला भर दुपारी घशात नवे पीस फिरवायचे; ते पांढरे निघाले की लाळ्या गेला.

धोंडा भट्टीत पडला तेव्हा बायका म्हणाल्या, "प्रसाद जाळलान् गं, मेलीने." हौसाक्काने ऐकून घेतले. बेटावर चांदणी पैलतीराकडे तोंड करून हंबरत राही. तिकडून तिच्या पारड्या उत्तर देत. हौसाक्का तिच्या गळ्याखाली खाजवत म्हणे, "थोडी कळ काढ, बाई माझी."

पहिल्या पौर्णिमेला पीस काळे निघाले. दुसऱ्या पौर्णिमेला राखाडी. हौसाक्का गुपचूप नदीकडे वळली.

बगळा म्हणाला, "धुऊन पांढरे करायचे आहे काय? करशील. पारड्यांचे घसे कसे धुशील?"

हौसाक्काने राखाडी पीस तसेच पैलतीरावरच्या लोकांना दाखवले.

तिसऱ्या पौर्णिमेला काठावर राजा आला, दोरखंडवाले आले. पीस घशात गेले तसा आतून चिरका आवाज आला, "आई, एकदाच मला दुसऱ्या जनावराचं तोंड दाव. उपाशी मरतोय."

"मर," हौसाक्का म्हणाली आणि पीस ओढले.

पांढरे शुभ्र. बगळ्याने ते आपल्या पंखाशी लावून पाहिले, फरक दिसेना.

त्याच घटकेला काळजिभ्याची जीभ लाल झाली. तो राजगोठ्याच्या दारी येऊन वाटीभर ताक मागू लागला. हौसाक्काने तांब्याभर दिले, वर लोणी घातले. चूक पहिल्या वाटीची होती, हे ती विसरली नव्हती.

राजाने चांदणीला स्वतः नदी उतरवून आणले आणि तिच्या खुरांना हात लावला. रीत मोडली नाही, नुसती वळवली. तेव्हापासून प्रत्येक दावणीला आपापला मिठाचा खडा. आणि जे जनावर आधी उठते, ते हार घालून तीन पौर्णिमा बेटावर जाते. लोक ताशे घेऊन ऐलतीरावरूनच हात जोडतात. उपकार लांबूनही फेडता येतात.

चांदणीचा घसा जसा मोकळा झाला, तसा तुमच्या दावणीच्या प्रत्येकीचा राहो. आणि दारी आलेल्याला ताक मिळो.