सुनेच्या हाताएवढं शिंकं

लागलं का डोक्याला? चोळा जरा, बरं वाटेल. उंबरदऱ्यात नवा पाहुणा आला आणि शिंक्याला डोकं आपटलं नाही, असं होतच नाही. दुसऱ्या गावांत शिंकं आढ्याला टांगतात, मांजराची उडी पोचू नये म्हणून. आमच्याकडे ते घरच्या सुनेचा हात पोचेल तिथे असतं. सून ठेंगणी असली की पाहुण्याच्या कपाळाला टेंगूळ ठरलेलं! मग मांजराचं काय करता, असं विचारू नका. हाकलायला हात आहेत की. गॅस आला, फ्रिज आला, पण शिंकं काही हललं नाही. ते कशामुळे, ऐका.

फार जुनी गोष्ट. गावात ठकूबाई नावाची बाई होती, ताडमाड उंच. म्हणे, लागोपाठ दोन दुष्काळांत तिने मूठमूठ धान्य पुरवून घर जगवलं, एकही माणूस दगावू दिला नाही. तेव्हापासून खाण्याची प्रत्येक वस्तू तिच्याच ताब्यात. दूध, दही, गूळ, उरलेला भात, सगळं शिंक्यात, आणि शिंकं इतकं उंच की तिच्याशिवाय कोणाचा हात पोचायचा नाही. पुढे सुकाळ झाला, गोठ्यात दोन दुभत्या गाई आल्या, तरी दोर खाली आला नाही. बाई वाईट नव्हती हो, भ्यालेली होती.

तिची सून चिमा. नावासारखीच चिमुकली. तिला मुलगा झाला, धोंडी. सहा महिने अंगावर पिऊन पोर कसं गुटगुटीत झालं. मग मात्र त्याला वरचं हवंसं झालं. कोणी जेवायला बसलं की मिटक्या मारायचा, ताटाकडे झेपावायचा. पण ठकूबाई सकाळी शेतावर जायची ती दुपार कलल्यावर यायची. पोराची भूक काय तिची वाट बघत बसते? पाटावर चढून काढायचं की, म्हणाल. पण सासूने वाढल्याशिवाय सुनेने अन्नाला हात लावायचा नाही, अशी त्या घरची रीत. चिमाच्या स्वतःच्या वाट्यालाही सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं यायचं, त्यामुळे तिचं दूधही आटत चाललेलं. नवऱ्याला सांगितलं, तर राणोजी म्हणाला, “आईला विचार.” बायकोने काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एवढंच.

धोंडीच्या बरगड्या दिसू लागल्या. एकुलता एक नातू, ठकूबाईचा जीव की प्राण. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. उतार पडेना, तेव्हा कड्यावरच्या कडजाईला नवस बोलली, “आई, माझं लेकरू धडधाकट कर, तुला गाडगंभर तूप वाहीन.”

आणि इथेच चुकली बघा. तूप जमवायचं म्हणून घरातल्या दुधाचा थेंबन् थेंब विरजणात जाऊ लागला. धोंडीला संध्याकाळी वाटीभर मिळायचं, तेही बंद झालं. गाडगं भरत चाललं आणि नातू वाळत चालला. ठकूबाई रोज गाडग्यात डोकावून म्हणायची, “थोडंच राहिलं गं बाई, देवी बघतेय.” तिला खरंच तसं वाटायचं.

गाडगं काठोकाठ भरलं त्या दिवशी ती शेतावरून आली, तर शिंक्याखाली पाटावर पाट रचलेले आणि शिंकं रिकामं. चिमा धोंडीला मांडीवर घेऊन बसलेली. मऊ भातात नवसाचं तूप कालवून ती त्याला भरवत होती, आणि पोर अधाशासारखं खात होतं.

“अगं अवदसे, देवीचं उष्टावलंस!” ठकूबाई किंचाळली.

चिमाने पुढचा घास भरवला. “आत्याबाई, नवस याच्यासाठीच बोललात ना? हाच राहिला नाही तर तूप कोणासाठी वाहणार? पाप लागायचं ते मला लागू दे. पण यापुढे याला मी माझ्या हाताने वाढणार. आणि मलाही.”

आता देवी कोपणार, पोर हातचं जाणार, या धास्तीने ठकूबाईला अन्न गोड लागेना. चिमा मात्र मागे हटली नाही. धोंडीला भूक लागेल तेव्हा भरवायची, स्वतः पोटभर जेवायची. महिना गेला, गाडगं खरवडून निघालं. आणि एका सकाळी धोंडी रांगत रांगत अंगणात आला आणि आजीचं लुगडं धरून उभं राहायचा हट्ट करू लागला.

तरी तिच्या मनातली भीती जाईना. रिकामं गाडगं घेऊन ती कडा चढली. ते देवीच्या पायाशी ठेवलं आणि कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवलं. “आई, माफी असेल तर उजवं दे, शिक्षा असेल तर डावं. पण शिक्षा मला कर. तिचं लेकरू लहान आहे.” असं सांगतात की नुसतं उजवं पडलं नाही आणि नुसतं डावंही नाही. दोन्ही फुलं एकदम सुटली आणि घरंगळत त्या रिकाम्या गाडग्यात जाऊन पडली. पोराच्या पोटात गेलेलं तूप देवीला कधीच पोचलं होतं! म्हातारी तिथेच ढसाढसा रडली, आणि रडता रडता हसायला लागली.

घरी येऊन तिने शिंक्याचा दोर सोडला. “चिमे, हात वर कर.” चिमाने भीत भीत हात उचलला. तो पोचला तिथवर शिंकं खाली घेऊन ठकूबाईने स्वतः गाठ मारली. म्हणाली, “चुकलं गं माझं. आजपासून वाढणं तुझं. मला वाढायला विसरू नकोस म्हणजे झालं!”

आजही उंबरदऱ्यात पोराचं उष्टावण असलं की मामाने घास द्यायच्या आधी सासू सुनेला हात वर करायला लावते आणि त्या मापाने शिंकं बांधते. पहिलं ताट त्या दिवशी सुनेचं. आणि कडजाईला भरलेलं गाडगं कोणी वाहत नाही. नवसाचं तूप घरी पोराच्या पोटात घालायचं आणि रिकामं गाडगं घेऊन कड्यावर जायचं. गुरव ते उपडं करून बघतो. एक थेंब जरी गळला, तरी परत हातात देतो आणि म्हणतो, “जा माघारी. पोर अजून उपाशी आहे.”