केरबाची पडशी

"वाट सांगणार हाय का न्हाई, एवढंच बोला!"

केरबा खिंडीतल्या खोपटासमोर उभा होता. एका खांद्यावर बापाची ठासणीची बंदूक, दुसऱ्यावर तट्ट फुगलेली पडशी. भादरलेल्या डोक्यावर नुकते खुंट उगवले होते.

धोंडबा गोसावी उंबऱ्यात बसून नाचणीची आंबील ढवळत होता. त्याने मान वर केली नाही.

"कसली वाट?"

"माहीत असून इचारू नका, बुवा. त्या डुकराची."

"हं…"

त्या काळी रानात शिकारीला कुणी हटकत नसे. गोसावी होण्याआधी धोंडबा स्वतः पारधी होता. खिंडीपलीकडच्या रानातला पाणवठा न् पाणवठा त्याला ठाऊक. तो एकांडा डुक्कर कुठे लोळतो, कुठल्या जाळीत निजतो, हे सांगणारा दुसरा माणूस नव्हता.

त्याच डुकराने केरबाच्या थोरल्या भावाला, सिदूला, फाडलं होतं. सिदू लाकडाला एकटाच गेला होता. माणसं पोचली तेव्हा मोळी बांधून तयार होती.

एरवी दोघं भाऊ रानात कधी एकटे दिसायचे नाहीत. केरबाचा बार आणि सिदूचा भाला, असं सगळी वाडी म्हणायची. ठासणीच्या बंदुकीत बार एकच. तो सुटला की पुन्हा ठासेपर्यंत जनावर अंगावर येतं. म्हणून बार टाकला की केरबा झटकन डावीकडे सरायचा आणि मागून सिदू भाला घेऊन उजवीकडून पुढे यायचा. बोलावं लागत नसे. बघावंही लागत नसे.

"किती मुक्काम?" धोंडबाने विचारलं.

"तो पडंल तवर."

"भाला कुटं हाय?"

"भाला दादाचा हाय. त्याला मी हात लावत न्हाई."

धोंडबाने आंबिलीचं मडकं चुलीवरून उतरवलं. हात पुसले.

"पडशी दाखव. नीट भरली असली तर वाट सांगतो."

केरबाला हसूच आलं. एवढंच ना? त्याने पडशी अंगणात पालथी केली. बंदुकीच्या दारूचं शिंग, छऱ्यांची थैली, चिंध्या. कोयता. दोरखंड. पाण्याचा भोपळा. फडक्यात बांधलेल्या भाकरी, सुकटीची पुडी, तिखट, मीठ, हळकुंड. घोंगडी. जर्मनच्या वाट्या. सगळं त्याने पुन्हा एकावर एक रचून भरलं, तोंड आवळलं आणि पडशी बुवापुढे ठेवली.

"दादा अशीच भरायचा," तो म्हणाला. "एक वस्तू इकडची तिकडं न्हाई."

धोंडबाने पडशी उचलून पाहिली. खाली ठेवली.

"जड हाय. पुन्हा बांध."

"जड? उचलणार मी का तुमी?"

"पुन्हा बांध."

केरबाने दात खाल्ले. गाठ सोडली. दोरखंड ओढून काढला आणि भिरकावला.

"दोर डुक्कर ओढून आणायला घेतला व्हता. नको. तितंच कुजू दे मेल्याला."

पुन्हा भरली. पुन्हा आवळली. धोंडबाने उचलली.

"जड हाय."

"आवं, आत्ताच दोरखंड काढला की!"

"बघितलं मी. पुन्हा बांध."

या खेपेला केरबाने सुकटीची पुडी बाहेर काढून दगडावर ठेवली. ठेवायचा अवकाश, बुवाचं पिवळं कुत्रं आलं, पुडी उचलली आणि खोपटामागे पसार झालं.

"ए! हाड! हाड!"

"मामलेदार म्हण त्याला. हाड म्हटल्यालं कळत न्हाई."

"कुत्र्याचं नाव मामलेदार?"

"आल्यागेल्याचं खातो. काम कुणाचंच करत न्हाई."

दुसऱ्या कुठल्या दिवशी केरबा पोट धरून हसला असता. आज त्याला ते कुत्रं, ते खोपट आणि तो म्हातारा, तिन्ही एकदम दरीत ढकलून द्यावंसं वाटलं. सूर्य डोक्यावर येत होता. डुक्कर तिकडे सावलीत घोरत असेल आणि आपण इथे बाजार मांडून बसलोय.

"भाकरी कुणी थापल्या?" धोंडबाने विचारलं.

"आईनं. दुसरं हाय कोण?"

"किती?"

"नेहमीच्या."

धोंडबाने तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"पुन्हा बांध."

केरबाने घोंगडी काढली.

"रानात थंडी वाजंल."

"राग हाय अंगात. तेवढा पुरं."

मग कोयता काढला. हळकुंड काढलं. निम्मे छर्रे मातीत ओतले. पडशी आता भुकेल्या बैलाच्या पोटासारखी आत गेली होती. त्याने ती बुवाच्या पायांपुढे आपटली.

धोंडबाने एका बोटावर उचलली. डोळे मिटले. जणू काही ऐकत होता.

"जड हाय."

केरबाचं माथं फिरलं.

"काय जड हाय? सांगा ना, काय जड हाय! चेष्टा लावलीय व्हय माझी? तिकडं माझा दादा राख झालाय आन् तुमी हितं मला किराणा दुकानातल्या पोरावाणी माल उलटा-सुलटा करायला लावताय! हाय काय ह्याच्यात आता? दारू हाय! छर्रे हायत! भाकरी हाय! जेवायला वाट्या हायत! आता काय वाट्याबी टाकू? मातीत जेवू?"

"किती हायत?"

"काय?"

"वाट्या."

"दोन!"

…

तोंड तसंच उघडं राहिलं.

खोपटामागे मामलेदार पुडीचा कागद फाडत होता.

केरबा खाली बसला. पडशीत हात घातला. एक वाटी काढली. मग दुसरी. दुसरीच्या काठाला पोचा होता. लहानपणी दोघं त्या वाटीवरून भांडले होते आणि सिदूने ती त्याच्या पाठीत हाणली होती. तेव्हापासून पोच्याची वाटी सिदूची.

पडशी चार वेळा भरली. चारही वेळा त्याच्याच हातांनी ती सगळ्यांत वर ठेवली होती, चटकन सापडावी म्हणून.

त्याने भाकरीचं फडकं सोडलं. चवड पाहिली. नेहमीच्या. पहाटे आई चुलीपुढे पाठमोरी बसून थापत होती. तिचे हात आपोआप चालले होते, की तिला ठाऊक होतं?

तो रडला नाही. रडण्याऐवजी त्याला आणखी राग आला. पोच्याची वाटी त्याने उंबऱ्यावर आदळली. भाकरीची चवड मधोमध तोडल्यासारखी अर्धी केली आणि अर्धी वाटीशेजारी ठेवली. घोंगडी परत घेतली. मातीतले छर्रे एकेक वेचले. एका माणसाला लागेल तेवढंच भरलं.

"आता?"

धोंडबाने उचलली.

"आता एकाची हाय."

"मग वाट?"

"जळक्या हिरड्याच्या खालनं जा. ओढा लागंल. त्याच्या उगमापाशी चिखल हाय, तितं लोळतो तो. उन्हं कलली की येतो. एकटाच असतो."

केरबाला वाटलं होतं, म्हातारा आणखी काहीतरी खोडा घालेल. एवढी सरळ वाट मिळाली तर तो गोंधळलाच. पण थांबला नाही. पडशी टाकली खांद्यावर. बंदुकीत बार भरलेलाच होता. पाठ फिरवून चालू लागला.

अंगण संपलं की कारवीची दाट जाळी होती. पायवाट तिच्या कडेने जायची.

तो तिथवर पोचला तेव्हा धोंडबाने वाकून एक दगड उचलला आणि त्याच्या डोक्यावरून जाळीत फेकला.

कारवी सळसळली.

बंदूक केव्हा खांद्याला लागली ते केरबाला कळलंच नाही. ठो! धूर झाला. डोंगराने आवाज परत दिला. मामलेदार शेपूट घालून चुलीपाशी पळाला.

आणि त्याच दमात केरबाचा पाय सरला होता. डावीकडे. अंग चोरून, मान खाली, खांदा वळवून. एक माणूस सहज पुढे येईल एवढी उजवी बाजू मोकळी सोडून तो उभा होता. हातात रिकामी बंदूक.

तो तसाच उभा राहिला.

धूर विरला. कारवीतून काही आलं नाही.

उजवीकडूनही काही आलं नाही.

जाळीतला दगड घरंगळत पायवाटेवर आला आणि थांबला. केरबाने दगडाकडे पाहिलं. वळून धोंडबाकडे पाहिलं. त्याला ओरडायचं होतं. थेरड्या म्हणून शिवी द्यायची होती. त्याऐवजी त्याने उजवीकडच्या त्या जागेकडे पाहिलं. तिथलं गवत सरळ उभं होतं. एक पातंसुद्धा वाकलेलं नव्हतं.

अंगण काही मोठं नव्हतं. परत यायला त्याला फार वेळ लागला.

तो उंबऱ्याशी बसला. बंदूक आडवी ठेवली.

"मी सरलो, बुवा."

"हं."

"जागा केली त्याला."

धोंडबाने आंबिलीचं मडकं पुढे ओढलं.

"खरं डुक्कर असतं तर…"

धोंडबाने पडशीतून केरबाची वाटी काढली. तिच्यात आंबील ओतली. केरबाने वाटी तोंडाला लावली, पण घोट घ्यायचाच विसरला आणि निम्मी छातीवर सांडली. मग कुठे त्याचा बांध फुटला. लहान पोरासारखा, नाक-तोंड न पुसता तो रडला. मामलेदार चुलीपासून उठून आला, त्याच्या छातीवरची आंबील हुंगली आणि चाटू लागला.

"हाड," केरबा हुंदक्यातून म्हणाला. "मामलेदार… हाड."

पुष्कळ वेळाने तो थांबला.

"वाडीत सांगून आलोय, बुवा. डुक्कर पाडल्याबिगर तोंड दाखवणार न्हाई म्हणून. आता जाऊ तर जीव जाईल. न जाऊ तर त्यो डुक्कर हुंदडत ऱ्हाईल." त्याने तळहाताने डोळे पुसले. "मी जाऊ का नको? काय तरी एक सांगा."

धोंडबा उठला. पोच्याची वाटी उचलली, चुलीतली चिमूटभर राख घेऊन घासली, विसळली, धोतराला पुसली. मग केरबाची पडशी त्याने त्याच्यासमोर पुन्हा पालथी केली. भाकरी, शिंग, छर्रे, घोंगडी, सगळं मातीत पसरलं.

त्या ढिगावर, सगळ्यांत वर, त्याने ती वाटी ठेवली. "एकाची का दोघांची, ते तुझं तू ठरव," तो म्हणाला.

"पुन्हा बांध."