खाणआईच्या खांबाची कहाणी

ऐका खाणआई, तुमची कहाणी. हातात अक्षता घ्या गं बायांनो, आणि कुजबूज थांबवा. आज मला राग आला आहे.

आटपाट डोंगर होता. डोंगराच्या पोटात खाण होती. खाणीतून लोखंडाचा दगड निघे. खाणकरी चहूकडून दगड फोडीत, पण मधला एक खांब तसाच ठेवीत. तो खाणआईचा खांब. त्याला टिकाव लावायचा नाही, त्याच्यापुढं शीळ घालायची नाही. बायका खाणीत उतरत नसत. दर मंगळवारी त्या खाणीच्या तोंडाशी कुंकू देत, पुरुष ते आत नेऊन खांबाला लावीत. खाणआई डोईवरचं छत धरून राही.

डोंगराखालच्या नगराच्या राणीला हाव सुटली. चांगला दगड त्या खांबातच आहे, असं तिनं ऐकलं. मग तिनं हुकूम केला, "खांब फोडा." खाणकरी म्हणाले, "आईला हात लागायचा नाही." तिनं शिपाई पाठवले. खाणकरी म्हणाले, "मारा, पण आईला हात लागायचा नाही." मग राणीनं काय केलं? डोंगरावर सागवानी खांबांचं देऊळ बांधलं, सोन्याची मूर्त घडवली, वाजतगाजत बसवली. म्हणाली, "तुमची आई अंधारातून वर आली. आता खाली नुसता दगड उरला." भोळी माणसं! त्यांना ते पटलं. सुंद्राबाईनं वरच्या देवळात ओटी भरली, आणि तिचा दादला हैबती टिकाव घेऊन खाली गेला.

खांब फुटला. छत खाली आलं. खाणीचं तोंड धुळीनं भरलं. बायका ऊर बडवीत देवळाशी धावल्या. राणी आरती करत होती. म्हणाली, "आरती होऊ दे, मग बघू."

मग बघू म्हणे!

सुंद्राबाई गाभाऱ्यात शिरली. मूर्तीला गदागदा हलवलं. "आई, माणसं खाली आणि तू इथं काय बसलीस?"

मूर्त बोलली नाही. जमिनीखालून आवाज आला. "बये, मी वर आलेच नाही. मी खांबात होते. माझी पाठ मोडली आहे. तरी तुझ्या माणसांवरचा एवढा कोपरा धरून उभी आहे. मला टेकू द्या गं."

मग सुंद्राबाईनं पदर खोचला. बायकांनी देवळाचा एक खांब काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. राणी ओरडली, "देवीचं देऊळ मोडता?" सुंद्राबाई म्हणाली, "देवीची पाठ मोडलीस, तेव्हा कुठं होती तुझी देवी? हो बाजूला!" खाणीत बाईनं उतरू नये, पण त्या दिवशी सगळ्या उतरल्या. छताला सागवानी टेकू लावले. दगड उपसले. हैबती निघाला, त्याचे सोबती निघाले. तुळसाक्काचा एकुलता लेक तेवढा जिवंत निघाला नाही.

राणी घाबरली. जमिनीवर लोळण घेतली. "आई, माझ्या पापाला उतारा सांग. सोनं वाहू? ब्राह्मण जेवू घालू? नवं देऊळ बांधू?"

खालून आवाज आला, "मला विचारू नकोस. तुळसाक्काला विचार."

तुळसाक्का लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "उद्यापासून छताखाली सगळ्यांआधी तू जायचंस. तिथंच बसायचंस. शेवटचा माणूस वर आला, की मग तू यायचंस. जन्मभर."

दुसऱ्या दिवशी राणी सगळ्यांआधी खाली जाऊन बसली. त्या दिवसापासून खाणीत टेकूंना लाकूड कधी कमी पडलं नाही.

खाणआई हैबतीवर उभी राहिली, तशी तुमच्याआमच्या माणसांवर उभी राहो. खांब फोडायचा हुकूम देणाऱ्यांना ती आधी खाली बसवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सांगितली, ती सुफळ होवो, संपूर्ण होवो. टाका अक्षता.