शेटजींचे वाटे

एका राजानं झुंबरशेटकडून इतकं कर्ज उचललं, की मुकुट राजाच्या डोक्यावर आणि हुकूम शेटच्या तोंडी. कारभारी नेमला तोही शेटचाच जावई. परका नको ना खजिन्यात!

वर्षाची वसुली आली. शेटनं भर दरबारात मोहरांचे दोन वाटे केले. व्याजाचा डोंगराएवढा, बंदराच्या फुटक्या धक्क्याच्या दुरुस्तीचा चिमूटभर.

दरबारातल्या गर्दीतून चांगुणा कोळीण पुढे आली. त्याच धक्क्यावर आपटून तिच्या लेकाचा पाय गेला होता. ती गोड आवाजात म्हणाली, "शेटजी, वाटे न्यायाचे केलेत ना?"

"देवानं केले असते तर असेच केले असते!"

"मग महाराज, आमच्या बंदराची रीत पाळा. मासळीचे वाटे जो करतो, तो शेवटी उचलतो."

राजा कित्येक वर्षांनी पोटभर हसला. "कबूल!"

चांगुणानं पदर पसरून धक्क्यासाठी डोंगर ओढला.

"अगं, ते व्याज!" शेट किंचाळला.

"असू दे हो, दोन्ही न्यायाचेच. आणि पुढच्या साली वाटे करायला तुम्हीच या. देवाचा हात आहे तुमचा!"