राजा इनहोनं लावलेली आग

कोरियाच्या डोंगराळ मुलखात फार पूर्वी इनहो नावाचा एक राजा होऊन गेला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला शोधू नका, तिथे तो सापडायचा नाही. तो फक्त या गोष्टीत आहे.

इनहो गादीवर बसला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या राजांनी शिकारी केल्या, महाल बांधले. इनहोनं तसलं काही केलं नाही. पहिल्याच वर्षी त्यानं न्यायकचेरीतले दांडके काढून घेतले आणि हुकूम सोडला, की गुन्हा कबूल करवण्यासाठी यापुढे कोणालाही मारायचं नाही. दुष्काळाची वाट न बघता त्यानं तळी खणून घेतली. स्वतःच्या ताटातले बारा पदार्थ तीनवर आणले. उजाडलं की तो लोकांचे अर्ज वाचायला बसे. लोक त्याला दुवा देत.

त्याच्यात एक उणीव होती. ती बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही. लोकांसाठी तो दिवसभर झटे, पण लोकांशी बोलायला त्याला सवड नसे. त्यांचं दुःख काय आणि त्यावर उपाय काय, हे दोन्ही तो आपल्या खोलीत बसून ठरवी.

त्या राज्यात सरकारी गुलाम होते. कोणी विणकामशाळेत राबे, कोणी तबेल्यात, कोणी मिठागरात. आई गुलाम असली की मूलही गुलाम. मूल पाच-सहा वर्षांचं झालं, की जिथे माणसं कमी असतील तिथे त्याला पाठवून देत. आईला विचारत नसत. कुठे पाठवलं, तेही सांगत नसत. सगळ्या गुलामांची नावं राजधानीतल्या एका दगडी कोठारात, तेराशे वह्यांत लिहून ठेवलेली होती. ज्याचं नाव वहीत, तो गुलाम.

राज्य करायला लागून पंधरा वर्षं झाली, तेव्हा इनहोनं जाहीर केलं, की आता राज्यात एकही गुलाम राहणार नाही.

प्रधान कांग तेसिक मोठ्या घराण्यातला, धूर्त माणूस. तो म्हणाला, "महाराज, आपण आज सोडाल. उद्या दुसरा राजा येईल, त्याच वह्या उघडेल आणि सगळ्यांना पुन्हा धरून आणेल."

"म्हणून वह्याच जाळायच्या," राजा म्हणाला.

दाराशी उभा असलेला कोठाराचा कारकून मेंग दोन पावलं पुढे आला. त्या वह्या लिहिण्यात त्याची तीस वर्षं गेली होती.

"महाराज, वह्यांबद्दल एक सांगायचं होतं."

"घाबरू नकोस, मेंग," राजा हसून म्हणाला. "वह्या गेल्या तरी तुला दुसरं काम देऊ."

मेंग मान लववून मागे सरकला.

गावोगाव दवंडी पिटली गेली, की सगळे गुलाम मोकळे झाले. महिन्याभरानं, शरद ऋतूतल्या एका स्वच्छ सकाळी राजवाड्याच्या दरवाजासमोर वह्या आणून ओतल्या. बैलगाड्यांच्या सात फेऱ्या झाल्या. मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. कालपर्यंत गुलाम असलेले लोक ढोल बडवत होते. बायका एकमेकींचे हात धरून गोल फिरत होत्या. कित्येकांनी राजाला पहिल्यांदाच पाहिलं आणि जमिनीवर डोकं टेकलं.

राजानं स्वतःच्या हातानं मशाल लावली. जाड कागद आधी धुमसला, मग भडकला. लोकांनी इतका मोठा आवाज केला, की राजवाड्याच्या छपरावरची कबुतरं उडून गेली. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला दिवस, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पळत आली. केस पांढरे, पायांत फाटक्या गवती चपला. कोणाला काही कळायच्या आत ती सरळ आगीत शिरली.

ढोल थांबले. बाईनं जळत्या ढिगातून एक वही उपसली आणि छातीशी धरली. तिच्या बाह्या पेटल्या, तरी तिनं वही सोडली नाही. दोन शिपायांनी तिला ओढून बाहेर काढलं आणि तिच्या अंगावर पाण्याची घागर रिकामी केली. तिच्या हातांची कातडी सोलवटली होती. एक शिपाई ते बघून मागे वळला आणि ओकला.

"वेडी दिसते," प्रधान कांग म्हणाला. "हिला घेऊन जा."

राजा पायऱ्या उतरून खाली आला. "आजी, तू आता मोकळी आहेस. तुला गुलाम करणारी ती वही. तिच्यासाठी जीव का देत होतीस?"

बाई धापा टाकत होती. ती म्हणाली, "माझी लेक आहे हिच्यात."

ती काय म्हणते आहे, ते आधी कोणालाच कळलं नाही. मग ती थांबत थांबत बोलू लागली. तिचं नाव माकदोक. दक्षिणेकडच्या एका सरकारी विणकामशाळेत तिचं आयुष्य गेलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, बुनीला, गाडीत घालून नेलं. कुठे नेलं, ते माकदोकनं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, ते राजधानीतल्या वहीत लिहिलं जातं, पण गुलामांना वही बघता येत नाही.

"मी एकतीस वर्षं थांबले, महाराज. बारा दिवसांपूर्वी आमच्याकडे दवंडी पोचली, की आम्ही मोकळे झालो. मी दुसऱ्या दिवशी निघाले. अकरा दिवस चालले. म्हटलं, आता विचारता येईल. आज सकाळी पोचले, तर तुम्ही आग लावत होतात."

राजानं तिच्या हातातून वही अलगद काढून घेतली. कडा जळाल्या होत्या. त्यानं पहिलं पान वाचलं, मग दुसरं. माकदोकला वाचता येत नव्हतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

ती उत्तरेकडच्या तबेल्यातल्या मोतद्दारांची वही होती.

"आजी," राजा म्हणाला, "ही तुमच्या भागाची वही नाही."

माकदोक आगीकडे वळून बघू लागली. मग तिच्याबरोबर सगळेच बघू लागले.

गर्दीतून एका माणसानं हळूच विचारलं, "माझा भाऊ कुठे गेला, तेपण ह्यातच होतं का?"

"माझी आई?" दुसऱ्यानं विचारलं.

क्षणापूर्वी नाचणाऱ्या बायका एकमेकींचे हात सोडून उभ्या होत्या. ज्या आगीसमोर त्या फेर धरत होत्या, त्या आगीत काय जळत आहे हे त्यांना आता कळलं होतं. मैदानावर हजारो माणसं होती आणि ज्वाळांखेरीज कसलाही आवाज नव्हता.

"विझवा," राजा म्हणाला. मग तो ओरडला, "विझवा ती आग."

लोक घागरी, टोपल्या, ओल्या गोण्या, मिळेल ते घेऊन धावले. राजाही धावला. पण कागदाला जळायला कितीसा वेळ लागतो? तेराशे वह्यांपैकी नव्वद हाती लागल्या, त्याही अर्धवट.

राजाचे कपडे काजळीनं माखले होते. त्यानं मेंगला शोधून काढलं.

"तुला हे माहीत होतं?"

"हो, महाराज. कोणतं मूल कुठे पाठवलं, ते मीच लिहीत होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच पुढे आलो होतो, महाराज. आपण हसलात."

राजाला ते आठवलं. तो मटकन खाली, त्या ओल्या राखेत बसला. कोरियाचा राजा मातीत बसलेला त्याआधी कोणी पाहिला नव्हता. शिपायांनी नजरा वळवल्या.

प्रधान कांग वाकून त्याच्या कानाशी बोलला. "महाराज, उठा. लोक बघताहेत. दोष या कारकुनाचा आहे. माहीत असून तो गप्प बसला. त्याला इथेच बेड्या घाला, म्हणजे लोक शांत होतील. राजा चुकला असं एकदा दिसलं, की राज्य उरत नाही."

सोपं होतं ते. मेंगनंही ते ऐकलं होतं. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि तो बेड्यांची वाट बघत उभा राहिला. ते दोन हात बघून राजाला भडभडून आलं.

तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही आग मी लावली. मेंग मला थांबवायला आला होता, मी त्याचं ऐकलं नाही. तुमच्यापैकी कोणालाही मी विचारलं नाही. तुमच्या माणसांचा पत्ता माझ्या हातानं जळाला."

प्रधान कांगनं डोळे मिटून घेतले. गर्दीतून ना जयजयकार झाला, ना कोणी रडलं. लोक नुसते बघत राहिले. राजानं चूक कबूल केली होती, पण वह्या काही परत येणार नव्हत्या.

माकदोकच्या हातांना कोणीतरी तेल लावत होतं. तिनं विचारलं, "मग आता काय करणार?"

राजाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असे. आज नव्हतं. तो म्हणाला, "मला माहीत नाही, आजी. तूच सांग, काय करू?"

"आम्हांला विचारा," माकदोक म्हणाली. "वहीतलं गेलं. पण आमच्या डोक्यात थोडंथोडं आहे. मी माझं सांगीन. बुनी जिथे असेल तिथे तिचं सांगेल."

त्याच आठवड्यात दुसरी दवंडी निघाली. लहानपणी ज्यांना आईपासून तोडलं, त्यांनी यावं आणि जे आठवतं ते सांगावं. ज्यांची मुलं नेली, त्यांनीही यावं. दरवाजापाशी एक लांब मांडव घातला. मेंग त्याचा प्रमुख झाला. नव्या वह्या कोणालाही बघता येत, आणि ज्याला वाचता येत नसे त्याला वाचून दाखवत.

दर तिसऱ्या दिवशी राजा स्वतः तिथे लिहायला बसे. प्रधान कांगला ते मुळीच रुचलं नाही. तो राजीनामा देऊन आपल्या गावी निघून गेला.

लोक येत राहिले. चाळीस वर्षांच्या एका धिप्पाड माणसाला एवढंच आठवत होतं, की घरामागे एक वाकडं जर्दाळूचं झाड होतं. एका बाईला आईचं नाव आठवत नव्हतं, पण आई तिला निजवताना काय पुटपुटायची ते आठवत होतं. राजा ते जसंच्या तसं लिहून घेई. आपल्या राज्यात काय चाललं होतं, ते त्याला त्या मांडवात पहिल्यांदा कळलं. पहिल्या वर्षी तो घरी जाऊन नीट जेवू शकत नसे. सहा वर्षांत चारशेहून जास्त माणसं आपल्या माणसांना भेटली. हजारो भेटली नाहीत.

त्यानंतरही इनहोनं पुष्कळ सुधारणा केल्या, पण पद्धत बदलली. कोळ्यांसाठी नवी वस्ती बांधायची ठरली, तेव्हा तो आधी समुद्रकाठी जाऊन त्यांच्यात आठ दिवस राहिला. त्यांनी सांगितलं, की वस्ती नको, धक्का हवा. त्यानं धक्का बांधला.

माकदोकच्या हातांची बोटं वाकडीच राहिली. तिला पुन्हा विणता आलं नाही. ती मांडवाजवळच्या एका खोलीत राही आणि येणाऱ्यांना पाणी देई. बुनी हे नाव त्या देशात घरोघर. आठ बुनी येऊन गेल्या. प्रत्येक वेळी मेंग माकदोकला हाक मारी आणि प्रत्येक वेळी ती नकारार्थी मान हलवी.

सहाव्या वर्षी उत्तरेच्या मिठागरातून नववी बुनी आली. वय बेचाळीस-त्रेचाळीस. आई विणायची एवढं तिला आठवत होतं. मेंग धावतच माकदोककडे गेला. माकदोकनं त्या बाईचा डावा हात हातात घेतला आणि करंगळी बघितली. तिच्या मुलीच्या करंगळीचं टोक मागात सापडून तुटलं होतं. ही करंगळी पूर्ण होती.

"माझी नव्हे," माकदोक म्हणाली.

बाई तिथेच खाली बसली. ती महिनाभर चालून आली होती आणि परत जायला तिला जागा नव्हती.

"जेवलीस का?" माकदोकनं विचारलं.

त्या दिवसापासून दोघी एकत्र राहू लागल्या. एकीचे हात चालत नव्हते, दुसरीचे चालत होते. वर्षभर राजा ते बघत होता. त्याला फार बरं वाटलं. त्यानं वही उघडली, कुंचला शाईत बुडवला आणि म्हणाला, "आजी, तुम्हां दोघींना आई आणि मुलगी म्हणून लिहितो. कोणाची हरकत असणार आहे?"

"नको, महाराज," माकदोक म्हणाली. "हिची आई कुठेतरी हिला शोधत असेल. उद्या ती इथे आली आणि लेकीच्या नावापुढे माझं नाव वाचलं, तर आल्या पावली परत जाईल."

राजानं कुंचला मागे घेतला. एवढं सगळं होऊनही, चांगल्या मनानं, तो पुन्हा एक पत्ता पुसायला निघाला होता. पण या वेळी त्यानं आधी विचारलं होतं.

"मग काय लिहू?" त्यानं विचारलं.

माकदोकनं सांगितलं आणि राजानं शब्द न बदलता लिहिलं: "बुनी, मिठागरातली. आईचा शोध चालू आहे. आई सापडेपर्यंत माकदोककडे राहते. माकदोकची मुलगी अजून सापडलेली नाही."

तात्पर्य: ज्याचं भलं करायला निघालात, त्याला आधी विचारा. नुसत्या चांगल्या मनानं लावलेली आगही माणसं जाळते.