हरबाने लिहिलेले झुळझुळचे नियम

गेले तीन दिवस मला धड झोप नाही, आणि कारण ऐकलंत तर हसाल. कारण एक वाक्य आहे. "आमचे नाव कोणी व कसे वापरावे." त्याच्यापुढे लिहायचं काय, ते सुचत नाही.

मुलांना वाचायला शिकवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. फावल्या वेळात मी त्यात हातभार लावते. मुक्त म्हणजे कोणीही न्यावं, उघडावं, आत बदल करावेत, पुढे वाटावं. नाव आणि चिन्ह तेवढं राखून ठेवायचं, नाहीतर कोणीही काहीही बनवेल आणि आमच्या नावावर खपवेल. त्याचे नियम लिहायचं काम, म्हणजे ट्रेडमार्क पॉलिसी, माझ्या गळ्यात पडलं. मी वकील नाही. "हे कोण लिहिणार?" असं विचारलं तेव्हा बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि मला उशीर झाला, एवढीच माझी पात्रता. आता धास्ती ही, की मी लिहीन एक आणि एखादा सज्जन माणूस शब्दाला शब्द धरून करून बसेल भलतंच.

माझी मुलगी ओजू सहा वर्षांची आहे. वरण ढवळताना मी तेच वाक्य पुटपुटत होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, तू वरणाशी काय बोलतेस?" मग जेवताना तिला ही गोष्ट सांगितली.

एका गावात हरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? "जरा थांब" म्हटलं की तो थांबायचा, आणि "आता चल" म्हणायला कोणी विसरलं तर संध्याकाळपर्यंत तिथेच असायचा.

त्याच गावात शालनकाकू होत्या. त्यांनी पाटाच्या पाण्यासाठी एक ॲप बनवलं होतं. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी, ते त्यात दिसायचं. नाव झुळझुळ. चिन्ह एका पायावर उभा बगळा. सगळं फुकट आणि मोकळं. आजूबाजूच्या अकरा गावांनी ते घेतलं आणि पाण्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या थांबल्या.

मग पलीकडच्या गावच्या त्र्यंबकशेठने झुळझुळ उघडलं, आत थोडा बदल केला आणि वाटायला सुरुवात केली. नाव तेच, बगळा तोच. फक्त कोणाचीही पाळी असली तरी पाणी आधी त्र्यंबकशेठच्या उसाला. लोक चिडले. शिव्या कोणाला? शालनकाकूंना.

अकरा गावांनी निरोप धाडला. "सोमवारी बैठक आहे. खरं झुळझुळ कोणतं ते ठरवायचे नियम लिहून आणा. नाहीतर आम्ही दोन्ही काढून टाकतो." म्हणजे पाणी पुन्हा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे.

काकू ॲप सुधारण्यात बुडाल्या होत्या. हरबा समोर थांबलेला होता. काकू म्हणाल्या, "हरबा, नियम तू लिही. सोपं आहे. ॲप सगळ्यांचं, पण नाव जपायचं. नाव कोणी उगाच घेता कामा नये."

"एवढंच ना?" हरबा म्हणाला. "आलं लक्षात."

आणि त्याने चावडीवर कागद लावला. "झुळझुळ हे नाव कोणीही घेऊ नये." लावल्यावर त्याने तो वाचला, आणि त्याच्या ध्यानात आलं की कागदानेच नाव घेतलंय. मग त्याने त्यातलं नाव काळ्या शाईने खोडलं. उरलं, "हे नाव कोणीही घेऊ नये."

लोक विचारायला लागले, "कोणतं नाव?"

"सांगता येत नाही," हरबा म्हणाला.

गावातल्या पुरुषांची फार पंचाईत झाली. "ते आपलं हे... ते पाण्याचं... ते रे!" असं करत दिवस गेला. बायकांना काही अडचण आली नाही. जन्मभर नवऱ्याचं नाव न घेता संसार केलेला. त्या आरामात म्हणायच्या, "अगं, आमच्या त्यांची पाळी कधी दाखवतात ते?" आणि फारच आग्रह झाला तर उखाण्यात घ्यायच्या. पण एका पाळीसाठी एक उखाणा म्हणजे वेळ किती जातो! पाणी सुटून वाहून गेलं.

शालनकाकूंनी कपाळाला हात लावला. "अरे, बोलायला कोणाला बंदी घालतोस? नाव खुशाल घेऊ दे. पण ज्याने आतलं बदललं, त्याने नावही बदलायचं. जुन्या नावाने वाटायचं नाही."

"एवढंच ना? आलं लक्षात."

दुसऱ्या दिवशी हरबा रंगाचा डबा घेऊन निघाला. वाटेत जानकी टी हाऊस. त्याने घोटभर चहा घेतला.

"आज चव वेगळी लागतेय."

"आलं घातलंय," मालक खुशीत म्हणाला.

"म्हणजे आतलं बदललंय," हरबा म्हणाला, आणि त्याने पाटीवरची जानकी पुसली.

पुढे ओट्यावर कोंडाजीआबा बसले होते. डोळ्याला हिरवी पट्टी. परवाच मोतीबिंदू काढला होता.

"आबा, काय केलं डॉक्टरांनी?"

"जुनं भिंग काढलं, नवं बसवलं."

"आत?"

"आतच की. बाहेर कुठे बसवतात?"

हरबाला फार वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम. "आबा, मग तुम्हाला कोंडाजी हे नाव लावता येणार नाही."

"अरे, शहात्तर वर्षं वापरतोय!"

"भिंग परवाचं आहे, आबा."

आबा भला माणूस. थोडा विचार करून म्हणाले, "बरं, मग काय लावू? आणि सुनेला तू सांगशील का? रेशन कार्ड तिच्याकडे असतं."

सुनेला सांगायला हरबा गेला. लाटणं घेऊन सून त्याला काकूंच्या दारापर्यंत सोडायला आली.

काकूंनी पुन्हा कपाळाला हात लावला. "हरबा! ज्याचं नाव आधीपासून आहे त्याला कशाला छळतोस? नवा कोणी येऊन तेच नाव लावायला लागला, तर त्याला अडव. आधीच्याची लेखी परवानगी माग. नसली, तर 'अमक्यावर आधारित' असं स्पष्ट लिहायला लाव."

(हे वाक्य मी माझ्या मसुद्यात अगदी असंच लिहिलं होतं. ओजूला वरण वाढता वाढता मनातल्या मनात खोडलं.)

"एवढंच ना?" हरबा म्हणाला. "आलं लक्षात."

त्या दिवशी पाटलांच्या आळीत बारसं होतं. पाळणा सजवला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या. आत्या वाकली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारले. तिने बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, "केरबा!"

"थांबा," दारातून हरबा म्हणाला. "केरबा तर आधी एक होते ना?"

"होते की," आत्या कौतुकाने म्हणाली. "पणजोबांचंच ठेवलंय."

"त्यांची लेखी परवानगी?"

"अरे बाबा, ते जाऊन आठ वर्षं झाली!"

"मग पंचाईत आहे." हरबाने बाळाकडे निरखून पाहिलं. "यात बदलही बरेच दिसतात. दात नाहीत."

"त्यांनाही नव्हते!" कोपऱ्यातून पणजी म्हणाली.

पण हरबाने ऐकलं नाही. त्याने सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहून पाळण्याला बांधली. "केरबावर आधारित. आवृत्ती पहिली." आत्यासाठी उगारलेले सगळे धपाटे मग हरबाच्या पाठीत पडले. घुगऱ्या मात्र मिळाल्या.

शनिवार उजाडला. काकूंनी या वेळी कपाळाला दोन्ही हात लावले. मग त्या खाली बसल्या आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "हरबा, आता कोणाच्या घरी जायचं नाही. कोणाला अडवायचं नाही. नुसतं घरी बसायचं. नाव वापरायचं असेल तो आपणहून येऊन विचारेल. विचारलं, की कागदावर परवानगी लिहून दे. जो विचारून वापरतो तो खरा, जो न विचारता वापरतो तो खोटा. दोन ओळी. त्या सोमवारी बैठकीत वाच. यात तरी काही गोंधळ नाही ना?"

"नाही, काकू. हे फारच सोपं आहे."

हरबा घरी बसला. त्याने दोन ओळी लिहिल्या. एकही चूक नाही. रविवारी दारात त्र्यंबकशेठ.

"हरबाराव," शेठ म्हणाले. आजवर हरबाला कोणी राव म्हटलं नव्हतं. "झुळझुळ हे नाव आणि तो बगळा मी वापरू का?"

हरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर गावभर फिरून मार खाल्ला, पण आपणहून विचारायला आलेला हा पहिला माणूस. त्याने परवानगी लिहून दिली. खाली बगळाही काढला. दोन्ही पायांवर उभा, कारण आनंद झाला होता.

सोमवारी अकरा गावं जमली. पारावर बसायला जागा नाही. शालनकाकू पुढे बसल्या होत्या, हातात फोन, त्यात रात्रंदिवस खपून सुधारलेलं झुळझुळ. त्र्यंबकशेठ मागे बसले होते, निवांत.

हरबा उठला आणि खणखणीत आवाजात वाचलं. "जो विचारून वापरतो तो खरा. जो न विचारता वापरतो तो खोटा."

"वा!" अकरा गावांनी माना डोलावल्या. काकूंच्याही जिवात जीव आला. इतके स्वच्छ नियम त्यांनाही लिहिता आले नसते.

"आता सांग," सरपंच म्हणाले, "विचारलं कोणी?"

"त्र्यंबकशेठनी. हा कागद."

"आणि न विचारता कोण वापरतंय?"

हरबा संकोचला. काकूंनी त्याला कितीदा जेवू घातलं होतं. पण नियम म्हणजे नियम. "शालनकाकू," तो हळूच म्हणाला. "दोन वर्षं वापरतायत. एकदासुद्धा विचारलं नाही."

अकरा गावांच्या माना काकूंकडे वळल्या.

"अरे हरबा!" काकू ओरडल्या. "मी बनवलंय ते!"

"बनवणाऱ्याचं काही लिहिलेलं नाही, काकू. तुम्ही दोनच ओळी म्हणालात."

काकूंनी डोळे मिटले, दहापर्यंत आकडे मोजले. अकरा गावांचं पाणी त्या एका कागदावर अडलं होतं. त्यांनी आवाज शक्य तितका मऊ केला. "बरं बाळा. मी आता विचारते. सगळ्यांसमोर विचारते. झुळझुळ हे नाव मी वापरू का?"

हरबाचा चेहरा उजळला. काकूंना अखेर नियम कळला होता.

"वापरा की, काकू! मला तर आनंदच आहे. पण नियमाने खरे ठरले शेठ, म्हणजे नाव आता रीतसर त्यांचं, तेव्हा एकदा त्यांना विचारतो." आणि तो अकरा गावांच्या डोक्यांवरून मागे वळून म्हणाला, "काय शेठ, काकूंना द्यायचं का?"

त्र्यंबकशेठ म्हणाले, "विचार करून सांगतो."

तेव्हापासून अकरा गावांचं पाणी आधी त्र्यंबकशेठच्या उसात जातं, आणि झिरपून जे उरतं ते बाकीच्यांना. शालनकाकू हरबाशी अजून बोलत नाहीत.

गोष्ट संपली. मी ओजूच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हसेल. निदान बारशाच्या ठिकाणी तरी हसायला हवी होती. ती वरणभाताचा शेवटचा घास चावत होती, कपाळाला आठी घालून.

गिळून झाल्यावर म्हणाली, "पण आई, त्याने तर सगळं ऐकलं. मग काकू का बोलत नाहीत?"